सेप्सिस, अंगभर 'सूज' आणि पांढऱ्या पेशींवरचे 'मार्कर'

रुग्णांच्या नातेवाइकांसाठी असलेल्या एका माहितीपत्रकाचा अनुवाद करताना एका वाचकाला प्रश्न पडला आहे. 'सेप्सिस आणि सिस्टेमिक इन्फ्लमेशन यांच्या निदानासाठी पांढऱ्या पेशींवरचे मार्कर' हे मराठीत कसे लिहावे? (सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गातून उद्भवणारी जीवघेणी अवस्था आणि सिस्टेमिक इन्फ्लमेशन म्हणजे संसर्ग, इजा यांसारख्या आघातांना साऱ्या शरीराने दिलेली प्रतिक्रिया.) त्यांनी 'रक्तातील विषबाधा व सर्वांगाची सूज ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या खुणा' असा पर्याय सुचवला आहे. यातला 'पांढऱ्या पेशी' हा शब्द अगदी योग्य आहे, पण उरलेल्या तिन्ही शब्दांचा फेरविचार व्हायला हवा असे मला वाटते.

'सर्वांगाची सूज' हे शब्द वाचताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे फुगलेला चेहरा आणि बोटाने दाबल्यावर खळगा पडणारे पाय येतात, म्हणजे मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या विकारात अंगात पाणी साठते ते. मूळ संज्ञेला हा अर्थ अभिप्रेत नाही. पारिभाषिक मराठीत इन्फ्लमेशनसाठी 'शोथ' रूढ आहे आणि 'संधिशोथ', 'मस्तिष्कावरणशोथ' अशा सामासिक शब्दांत तो चांगला बसलाही आहे. मात्र आयुर्वेदात 'सर्वांगशोथ' म्हणजे अंगभर आलेली सूजच, त्यामुळे 'सार्वदेहिक शोथ' असे लिहिले तरी तीच अडचण मागच्या दाराने परत येते. म्हणून येथे मी 'दाह' पसंत करतो. इन्फ्लमेशनच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ 'पेटवणे' असा आहे आणि आपला 'दाह' जळण्याचा अर्थ सांगणाऱ्या 'दह्' धातूपासूनच आलेला आहे. बोलीत दाह म्हणजे जळजळ, हे खरे. पण त्याला 'प्रतिक्रिया' जोडून 'सार्वदेहिक दाहप्रतिक्रिया' असे लिहिले की तो गैरसमज टळतो आणि हे शरीराने दिलेले उत्तर आहे, ही मुख्य गोष्टही सांगितली जाते.

'विषबाधा' हा शब्द तर मी कटाक्षाने टाळीन. वर्तमानपत्रांतून तो अन्नातून किंवा कीटकनाशकातून झालेल्या बाधेसाठी इतका रुळला आहे की नातेवाईक रुग्णाच्या खाण्यापिण्यातच कारण शोधू लागतील. सेप्सिस हा मूळ ग्रीक शब्द सडण्या-कुजण्याचा वाचक आहे आणि जुन्या वैद्यकीय मराठीतल्या 'पूतिरोधक' या शब्दातली 'पूति' त्याच अर्थाची आहे. मात्र २०१६ साली मांडलेल्या व आज प्रमाण मानल्या जाणाऱ्या व्याख्येत सडण्याचा मागमूसही नाही: जंतुसंसर्गाला शरीराने दिलेली प्रतिक्रिया बेताल होऊन अवयवांचे कार्य जिवावर बेतण्याइतके बिघडणे, म्हणजे सेप्सिस. रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या तपासणीत, जंतू वाढले नाहीत तरी सेप्सिस असू शकतो, त्यामुळे 'रक्तात जंतू झाले' हे लोकप्रिय वर्णनही अपुरे ठरते. उलट स्वादुपिंडाचा तीव्र दाह किंवा मोठ्या प्रमाणात भाजणे यांत सार्वदेहिक दाहप्रतिक्रिया जोरात असते, पण जंतुसंसर्ग असेलच असे नाही. पत्रकाने या दोन अवस्था वेगळ्या ठेवल्या आहेत आणि अनुवादात त्या एकमेकींत मिसळता कामा नयेत. 'सेप्सिस' देवनागरीत तसाच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखाजवळ वरील अर्थ एका वाक्यात द्यावा.

आता 'मार्कर', जो मला या प्रश्नातला सर्वांत अवघड शब्द वाटतो, कारण वैद्यकात तो दोन अर्थांनी वावरतो. पहिला अर्थ ओळखीचा. पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर निरनिराळे रेणू असतात आणि त्यांवरून पेशीचा प्रकार ओळखता येतो. या रेणूंना क्रमांक देण्याची 'सीडी' पद्धत १९८२ साली पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय कार्यशाळेपासून सुरू झाली. या अर्थी 'पृष्ठचिन्ह' हा नेमका शब्द आहे. दुसरा अर्थ मापनाचा आहे: जे मोजल्यावर रोगाच्या शक्यतेविषयी काही कळते ते. सेप्सिस व दाहप्रतिक्रिया यांच्या व्याख्या ठरवणाऱ्या १९९१ च्या परिषदेतील निकषांत घन मिलिमीटरमागे १२,००० पेक्षा अधिक किंवा ४,००० पेक्षा कमी पांढऱ्या पेशी, अथवा १० टक्क्यांहून अधिक अपक्व पेशी हा चारांपैकी एक निकष होता (तापमान, नाडी आणि श्वसन हे इतर तीन) आणि कोणतेही दोन जुळले की दाहप्रतिक्रिया आहे असे मानले जाई. पेशींची ही संख्या म्हणजे पृष्ठचिन्ह नव्हे, 'सूचक' आहे.

सीडी ६४ या रेणूच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकत्र येतात. निरोगी माणसाच्या न्यूट्रोफिल या प्रकारच्या पांढऱ्या पेशींवर तो अगदी थोडा असतो आणि जिवाणूंचा संसर्ग झाला की काही तासांत वाढतो. म्हणजे रेणू हे चिन्ह आणि त्याचे वाढलेले प्रमाण हा सूचक. मोनोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींवरील एचएलए-डीआर हा रेणू याच्या उलट वागतो, दीर्घ सेप्सिसमध्ये तो घटतो आणि प्रतिकारशक्ती थकल्याचे सुचवतो. मोनोसाइटांच्या आकारमानातील तफावत हाही अलीकडे वापरात आलेला सूचक आहे, पण तो कोणत्याही रेणूचा नसून पेशींच्या लहानमोठेपणाचा आहे, आणि 'पेशींवरचे मार्कर' हे शब्द त्याला मुळात लागूच पडत नाहीत. मूळ पत्रकात यांपैकी नेमके काय अभिप्रेत आहे, हे अनुवादकाने लेखकाला अवश्य विचारावे.

'खुणा' हा शब्द सोपा आणि गोड आहे, पण त्यात खात्रीची छटा आहे: खूण पटली म्हणजे ओळख पटली. वरीलपैकी एकही मापन एकट्याने सेप्सिसचे निदान करत नाही. रुग्णाची तपासणी, रक्तदाब, रक्तातील लॅक्टेट या आम्लद्रव्याचे प्रमाण, कल्चर हे सारे सोबत पाहावे लागते. 'सूचक' सुचवतो, सिद्ध करत नाही, आणि म्हणूनच मला तो येथे जवळचा वाटतो. याच कारणासाठी 'ओळखणाऱ्या' हे विशेषणही काढून टाकावे.

रक्ततपासणीच्या अहवालात बहुधा भेटणाऱ्या 'लेफ्ट शिफ्ट' या शब्दांबद्दलही थोडे. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन वैद्य योझेफ आर्नेट यांनी न्यूट्रोफिल पेशींची केंद्रकाच्या खंडांनुसार डावीकडून उजवीकडे मांडणी केली आणि त्यात कमी खंडांच्या, म्हणजे कोवळ्या पेशी डावीकडे येत असत. 'डावीकडे सरकणे' असा शब्दशः अनुवाद केला तर वाचकाला शरीराची डावी बाजू आठवेल. 'अपक्व पेशींचे प्रमाण वाढणे' एवढे लिहिले की पुरे.

तेव्हा पत्रकातले वाक्य मी असे लिहीन: 'सेप्सिस व सार्वदेहिक दाहप्रतिक्रिया यांच्या निदानास साहाय्य करणारे, पांढऱ्या पेशींच्या तपासणीतून मिळणारे सूचक.' यातला 'पांढऱ्या' हा शब्द पुढच्या परिच्छेदांतही कोठेही गाळू नये. डेंग्यूच्या साथींनंतर आपल्याकडे 'पेशी कमी झाल्या' म्हणजे प्लेटलेट कमी झाल्या असाच अर्थ घेतला जातो, आणि नुसते 'पेशी' वाचून नातेवाईक भलत्याच आकड्याची काळजी करत बसतील.