सोलून निघेल म्हणाले, पण निघेना. आता लीजची गाडी परत कशी द्यायची?

प्रश्न: तीन वर्षांच्या लीजवर मी स्वतःच्या नावाने, घरच्या वापरासाठी गाडी घेतली. वर्षभरापूर्वी चारही अलॉय व्हील, पुढची ग्रिल आणि खिडक्यांभोवतीच्या क्रोमच्या पट्ट्या काळ्या करून घेतल्या. ‘गाडी परत द्यायची आहे, त्यामुळे हवं तेव्हा सोलून काढता येईल असं रबरी कोटिंगच हवं’ असं मी गॅरेजला व्हॉट्सॲपवर आधीच कळवलं होतं. ‘पूर्ण निघतं, खालचं फिनिश तसंच राहतं’ असं त्यांचं उत्तर आलं. आता व्हीलवरचा थर तुकड्या-तुकड्यांनी निघतो आणि कुठे कुठे खालचं लॅकरही (व्हीलच्या मूळ रंगावरचा पारदर्शक थर) घेऊन येतो. पट्ट्यांवरचा तर नखाने हलतही नाही. गॅरेजवाले प्रेशर वॉशकडे बोट दाखवतात, बिलावर छापलेलं ‘गॅरंटी नाही’ दाखवतात. लीज कंपनी चार नव्या व्हीलचे पैसे मागेल अशी भीती वाटते. परत देण्याआधी पुन्हा सिल्व्हर रंग मारून घेऊ का? काळी व्हील बेकायदेशीर तर नाहीत ना?

उत्तर: रंग मारून घेऊ नका, निदान इतक्यात तरी नाही. तुमचा सगळा पुरावा या क्षणी गाडीवरच आहे. त्यावर नवा रंग चढला किंवा गाडी तशीच परत गेली, तर तुमच्या हाती फक्त तुमचा शब्द उरेल.

तुमची सर्वांत भक्कम बाजू तो व्हॉट्सॲप संदेश आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ प्रमाणे करारभंगातून स्वाभाविकपणे होणारं नुकसान तर मिळतंच. शिवाय करार करताना जे नुकसान होऊ शकतं हे दोन्ही पक्षांना ठाऊक होतं, तेही मागता येतं. गाडी परत द्यायची आहे हे तुम्ही काम सुरू होण्याआधीच सांगितलं होतं. त्यामुळे लीज कंपनीने लावलेली रास्त रक्कम गॅरेजकडून मागण्याचा तुमचा हक्क उभा राहतो. हा संदेश नसता तर गॅरेज सहज म्हणालं असतं, ‘गाडी लीजची आहे हे आम्हाला काय माहीत?’ तेव्हा तो फोन विकू नका, रीसेट करू नका. पूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करून ठेवा, आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र त्याला जोडा. ग्राहक आयोगापुढे पुराव्याचे नियम तितके काटेकोर नसतात, पण समोरच्याला हरकतीची जागा कशाला ठेवायची?

व्हील आणि पट्ट्या, या दोन तक्रारी वेगळ्या मांडा. सोलून निघणारं कोटिंग अनेक हात मारून जाड करावं लागतं, तेव्हाच त्याची सलग कातडी बनून ती एकसंध ओढता येते. हात कमी दिले किंवा कडेला थर पातळ राहिला तर ते असंच तुटक निघतं. तुमच्या व्हीलवर बहुधा हेच झालं आहे आणि ती कामातली कसूर आहे. मात्र लॅकर निघाल्याचा सगळा दोष गॅरेजवर टाकता येईलच असं नाही. फुटपाथला घासलेल्या कडेतून लॅकरखाली पाणी शिरलं असेल, तर तिथे ते आधीपासूनच सुटलेलं असतं. कामाच्या आधीचे व्हीलचे फोटो मिळतात का ते शोधा.

पट्ट्यांची गोष्ट याहून गंभीर आहे. रबरी कोटिंगसाठी पृष्ठभाग स्वच्छ धुऊन कोरडा करतात; त्याला वॉटर पेपर मारत नाहीत. नेहमीचा रंग क्रोमसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर धरावा म्हणूनच तो घासून खरखरीत करतात. एका कोपऱ्यातला थर काढल्यावर खाली घासल्याच्या बारीक रेघा दिसल्या, तर तुम्हाला ठरल्यापेक्षा वेगळीच गोष्ट दिली गेली आणि मूळ क्रोमही कायमचा खराब केला गेला, हे एकाच वेळी सिद्ध होईल. हा थर तुम्ही स्वतः काढू नका. त्या गॅरेजशी संबंध नसलेल्या जाणकार पेंटरकडून, व्हिडिओ चालू ठेवून काढून घ्या, आणि काय दिसलं ते त्याच्या सहीनिशी लिहून घ्या. त्याआधी गॅरेजला ईमेलने कळवा, की अमुक दिवशी अमुक ठिकाणी तपासणी आहे, हजर राहा. ते आले नाहीत तर तेही तुमच्याच बाजूने जातं. निघालेल्या पापुद्र्यांवर तारीख घालून ते पाकिटात ठेवा.

प्रेशर वॉशचा बचाव मला लंगडा वाटतो. जोराच्या पाण्याने अशा कोटिंगची कड उचलली जाते, हे खरं आहे. पण त्याने थर निघेल. पट्ट्यांवर घट्ट चिकटून कसा बसेल?

‘गॅरंटी नाही’ या छापील ओळीलाही घाबरू नका. थर किती टिकेल याची हमी नाही, एवढाच तिचा अर्थ फार तर निघेल. सोलून निघणारा थर सांगून न निघणारा रंग मारण्याची मुभा त्यातून मिळत नाही. ही ओळ म्हणजे ‘अनुचित करार’ असा मुद्दा तक्रारीत घालायचा मोह होईल, पण तो घालू नका. अनुचित करारांच्या तक्रारी राज्य आयोगाकडे जातात आणि तुमचं काम जिल्हा आयोगातच होण्यासारखं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधली ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ एवढे आधार पुरेसे आहेत.

आता लीज कंपनीबद्दल, आणि इथे मला स्पष्ट बोललं पाहिजे. तुमच्या लीज करारात लेखी परवानगीशिवाय गाडीत बदल करू नये असं कलम बहुतेक असणारच. असेल, तर कंपनीशी तुमचा करारभंग झाला आहे, आणि ‘गॅरेजने फसवलं’ हे त्यांना देण्याचं उत्तर होत नाही. गॅरेजही तुमच्याविरुद्ध हाच मुद्दा काढेल आणि आयोग त्यापोटी भरपाई थोडी कमी करू शकेल, याची तयारी ठेवा. पण करारभंग झाला म्हणून कंपनी वाटेल ती रक्कम लावू शकत नाही. करारात रक्कम लिहिलेली असली तरी करार कायद्याच्याच कलम ७४ प्रमाणे ती कमाल मर्यादा असते. तिच्या आत राहून रास्त तेवढीच भरपाई मिळते. सर्वोच्च न्यायालयाने फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या १९६३ च्या निकालात हे स्पष्ट केलं आहे. तीन वर्षं धावलेल्या व्हीलच्या बदल्यात कोरी व्हील मागणं म्हणजे कंपनीला होती त्यापेक्षा चांगल्या स्थितीत नेणं. व्हील वाकलेली किंवा तडकलेली नसतील तर रिफिनिशिंगचा, म्हणजे तीच व्हील पुन्हा रंगवून मूळ रूपात आणण्याचा खर्च द्यावा, एवढीच मागणी रास्त आहे. क्रोमच्या पट्ट्या मात्र बदलाव्या लागण्याची शक्यता जास्त आहे. कंपनीला आधीच लेखी कळवा, संयुक्त तपासणी मागा, प्रत्येक भागाचा वेगळा हिशेब मागा. पैसे भरावेच लागले तर ‘हरकत राखून’ असं लिहून भरा. ती पावती पुढे गॅरेजविरुद्ध कामाला येईल.

काळ्या व्हीलमुळे तुम्ही कायदा मोडलेला नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी विसंगत ठरणाऱ्या बदलांबद्दल आहे. त्या प्रमाणपत्रात गाडीच्या बॉडीचा रंग असतो, व्हील किंवा ग्रिलचा नसतो. मागच्या दिव्यांवर, रिफ्लेक्टरवर किंवा नंबरप्लेटवर असलाच थर मारला असेल, तर तो मात्र फोटो काढून आजच उतरवा.

एक तपासणी कायद्यासाठी नाही, तुमच्या जिवासाठी करून घ्या. व्हील उतरवून नट जिथे बसतो ती जागा आणि व्हील हबला (व्हील ज्यावर बसवतात त्या मधल्या भागाला) टेकते तो भाग पाहा. तिथे रंग किंवा कोटिंग गेलं असेल तर थर दबून नट सैल पडू शकतात. थर आढळला तर फोटो काढून घ्या, जागा साफ करा, आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीने दिलेल्या मापाप्रमाणे टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) नट पुन्हा आवळून घ्या. तक्रारीत याचाही उल्लेख करा.

तपासणीचा अहवाल हाती आला की गॅरेजला पंधरा दिवसांची लेखी नोटीस पाठवा. कामाचे पैसे परत, मूळ फिनिश आणण्याचा खर्च आणि लीज कंपनीला भरलेली रक्कम, असे तीन आकडे त्यात वेगवेगळे लिहा. उत्तर आलं नाही तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. गॅरेज दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी चालतं. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. दोष आत्ता कळला म्हणून ती आत्तापासून मोजावी असा युक्तिवाद करता येईल, पण त्यावर विसंबू नका. बिलाच्या तारखेपासूनच मोजा, म्हणजे तुमच्या हाती साधारण एक वर्ष आहे असं समजा.