बारा ‘मेड्स’ना मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे : ‘मार्गारेट ॲटवुडच्या “द पेनेलोपियाड”वर (२००५) आमच्या वाचनकट्ट्यासाठी टिपण लिहिते आहे. त्यातल्या बारा “मेड्स”ना “मोलकरणी” म्हटलं तर धुणीभांडी आठवतात आणि “दासी” म्हटलं तर टीव्हीवरची पौराणिक मालिका. दुसरा शब्द आहे का?’

आधी कथा दोन ओळींत. होमरच्या ‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्यात इथाकाचा राजा ऑडिसियस घरी परततो, बायको पेनेलोपीच्या मागे लागलेल्या पुरुषांना मारतो, आणि त्यांच्याशी निजलेल्या वाड्यातल्या बारा बायकांना मुलगा टेलेमॅकस फासावर चढवतो. ॲटवुडने तीच कथा पेनेलोपीच्या आणि त्या बायकांच्या तोंडून सांगितली आहे. आता मोलकरीण आधी बाजूला ठेवा. या शब्दातच ‘मोल’ आहे, म्हणजे मजुरी. मोल घेऊन काम करते ती मोलकरीण. ती पगार घेते, खाडे करते, नाही पटलं तर दुसरं घर धरते. इथाकाच्या वाड्यातल्या बायकांना यातलं काहीच नव्हतं. ‘ओडिसी’च्या पहिल्याच सर्गात म्हातारी युरिक्लिया मशाल धरून टेलेमॅकसला झोपायच्या खोलीत पोचवते, तेव्हा होमर जाता जाता सांगतो की ती तरुण असताना ऑडिसियसच्या बापाने तिला वीस बैलांच्या किमतीला विकत आणलं होतं. मोल होतं ते तिचं स्वतःचं. होमरचा शब्द ‘द्मोआय’. अर्थ, मालकीच्या बायका, मुळात लढाईत धरून आणलेल्या. ‘मेड’ हा त्यावर घातलेला इंग्रजी झालर-ॲप्रन आहे. एमिली विल्सनने २०१७च्या आपल्या अनुवादात तो उतरवला आणि ‘स्लेव्ह’ असं सरळ लिहिलं.

मग दासी का नको? अर्थाने शब्द अचूक आहे, ‘दासीपुत्र’मधला दंश अजून कुणी विसरलेलं नाही. पण मराठी कानाला दासी म्हटलं की ‘नामयाची दासी जनी’ ऐकू येते, आणि तिथे दास्य गोड होऊन जातं. ‘दळिता कांडिता तुज गाईन अनंता’. गंमत म्हणजे ‘ओडिसी’च्या विसाव्या सर्गातही जातं आहे. वाड्यात बाराजणी दळायला असतात (या बारा वेगळ्या, फासावर गेलेल्या नव्हेत). अकराजणींचं दळण उरकून त्या झोपल्या आहेत, सगळ्यांत अशक्त ती एकटी अजून दळते आहे. हात थांबवून ती देवांच्या राजाला, झ्यूसला, म्हणते, ज्यांच्यासाठी दळून माझे गुडघे मोडले त्यांचं हे शेवटचं जेवण ठरो. जनीला दळू लागायला विठ्ठल येतो. इथे निरभ्र आभाळात झ्यूस गडगडतो खरा, पण तो ऑडिसियसने मागितलेला कौल असतो. ‘दासी’ लिहिलंत तर वाचक नकळत जनीच्या जात्याशी जाऊन बसेल.

आपल्याकडे याहून खरखरीत शब्द होते. पेशवाईतल्या कागदपत्रांत ‘कुणबीण’ आणि ‘बटीक’ यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी सापडतात. त्यातला कुणबीण आज वापरता येणार नाही. कुणबी समाजातली बाई हाच त्याचा अर्थ लोकांना ठाऊक आहे, आणि उगाच कुणाला दुखवायचं कशाला. बटीक मात्र जिवंत आहे. ‘कायदा श्रीमंतांची बटीक झालाय’ असं अग्रलेखात अजून छापून येतं. माणसं विकत घेणं थांबलं, शब्दातली मालकी तशीच राहिली. अनेकवचन ‘बटकी’, पुढे ‘बटकींना’, ‘बटकींचा’. (‘गुलाम’ चालला असता, पण बाईसाठी वापरताना प्रत्येक वेळी ‘गुलाम स्त्रिया’ असं लांबवावं लागतं, आणि ते इतिहासाच्या पाठ्यपुस्तकासारखं वाटतं.)

पण सगळीकडे ‘बटकी’ लिहू नका. ॲटवुडच्या पुस्तकात पेनेलोपी पाताळातून बोलते आणि मधेमधे या मुली कोरसने बोलतात. त्यांचं पहिलंच गाणं दोरीवरच्या उड्यांचं आहे, आणि शेवटी त्यांच्या गळ्यात पडतो तोही दोरच. पेनेलोपीच्या तोंडी ‘दासी’ शोभेल, किंवा सरळ ‘माझ्या पोरी’. होमरच्याच काव्यात तिने वाड्यातल्या मेलँथो नावाच्या एका दासीला पोटच्या पोरीसारखं वाढवलं आहे, खेळणी दिली आहेत. मालकिणीला गोड शब्द परवडतो. त्या मुली स्वतःबद्दल बोलतील तिथे ‘आम्ही बटकी’.

तुमच्या स्वतःच्या वाक्यांत काय? बाविसाव्या सर्गात फास देण्याआधी टेलेमॅकस म्हणतो की यांना साधं स्वच्छ मरण द्यायचं नाही. त्या ओळीत त्यांच्यासाठी नामच नाही, नुसती स्त्रीलिंगी सर्वनामं आहेत, ‘त्या, ज्या...’ एवढंच. इंग्रजीत अनेकवचनी सर्वनामाला लिंग नसल्याने अनुवादकांना तिथे नाम भरायची सोय झाली आणि काहींनी चक्क शिवी भरली. होमरने न दिलेली. आपल्याला ती अडचण नाही, ‘ज्या निजल्या’ म्हटलं की बायका आल्याच. आणि आकड्यासकट हवं असेल तर मराठीत एक तयार शब्द आहे, जो मी वर दळणाऱ्यांसाठी न ठरवता वापरून गेलो : बाराजणी. त्यात ना पगार, ना भक्ती, ना शिवी. टिपणाच्या मथळ्यात मी तोच घालीन, ‘पेनेलोपीच्या बाराजणी’. फक्त जोडून लिहा. ‘बारा जणी’ असं तोडलंत की उगाच हजेरी घेतल्यासारखं वाटतं.