पहिली नानकटाई: एवढंच सांभाळा

दिवाळीआधी मैदा, तूप, साखरेचे डबे घेऊन बेकरीच्या भट्टीवर नंबर लावायचा, ही तुमची आठवण वाचून फार आनंद झाला. ती चव घरी जमते, नक्की जमते. आणि घरच्या बेकिंगची सुरुवात केकऐवजी नानकटाईने करताय, हे उत्तमच.

प्रमाण सोपं ठेवा: दीड वाटी मैदा, अर्धी वाटी बेसन, 1 वाटी तूप, पाऊण वाटी पिठीसाखर, पाव चमचा बेकिंग पावडर, वेलची.

सगळा खेळ तुपाचा आहे. तूप रवाळ, थिजलेलं हवं. पातळ केलेलं अजिबात नको, नाहीतर नानकटाई ताटभर पसरते. साखर घालून हाताने फेसत राहा. पिवळा रंग जाऊन ते पांढरं, हलकं होईपर्यंत थांबू नका. नवीन माणसं इथेच घाई करतात.

बाकी चुका नेहमीच्याच:
- फेसलेल्या तुपात मैदा, बेसन वगैरे घातल्यावर गोळा कोरडा वाटला की दूध ओतणं. त्याऐवजी चमचाभर तूप घाला.
- कणकेसारखं मळणं. फक्त गोळा होईपर्यंत एकत्र करा.
- ओव्हन न तापवता ट्रे आत ठेवणं. आधी 10 मिनिटं 160 अंशांवर तापवा.
- मऊ लागते म्हणून भाजत राहणं. साधारण 15 ते 20 मिनिटांत कडा किंचित बदामी झाल्या की काढा; गार झाल्यावर ती खुसखुशीत होते.

यीस्ट, आयसिंग वगैरे नंतर बघू. पहिल्यांदा चारच नानकटाया भाजून बघा. पसरल्या तर उरलेला गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा.