अणू, परमाणू आणि रेणू: मराठीत कोणता शब्द कशासाठी?

विचारणा अशी आहे: भाची इंदूरला हिंदी माध्यमात सातवीपर्यंत शिकली आणि यंदा नाशिकच्या मराठी शाळेत आठवीत आली. हिंदीतल्या वाचनात तिला पाण्याच्या एका ‘अणु’त तीन ‘परमाणु’ भेटले होते. इथे पाण्याच्या एका रेणूत तीन अणू आहेत. मग बरोबर काय? आणि अणू फुटतो हे ठाऊक असताना मूलद्रव्याच्या कणाला अणू म्हणावं का, की ‘परमाणू’ अधिक नेमका? शिवाय हे शब्द ऱ्हस्व लिहायचे की दीर्घ?

दोन्ही भाषांतलं म्हणणं बरोबर आहे, पण मराठीत लिहिताना अणू आणि रेणू हीच जोडी वापरायची. हिंदीतला ‘परमाणु’ म्हणजे आपला अणू, मूलद्रव्याचा कण, आणि हिंदीतला ‘अणु’ म्हणजे आपला रेणू, अणू जोडून झालेला कण. त्यामुळेच त्यांचा ‘परमाणु ऊर्जा आयोग’ मराठीत अणुऊर्जा आयोग होतो आणि तारापूरला आपण अणुऊर्जा केंद्र म्हणतो. गोंधळ होतो तो एका भाषेतली संज्ञा दुसरीत तशीच उचलली की. हिंदीत ‘अणुसूत्र’ म्हणतात त्याला मराठीत रेणुसूत्र म्हणतात. हिंदीतला ‘अणुभार’ अणुवस्तुमान समजून घेतला तर गणितच चुकतं, कारण तो रेणूचा भार आहे. ‘आण्विक’ तर फारच फसवा. मराठी वर्तमानपत्रांत आण्विक अस्त्रं म्हणजे अणुबॉम्बच्या जातीची अस्त्रं, पण हिंदीच्या विज्ञानलेखनात ‘आणविक’ म्हणजे रेणवीय. हिंदीवरून घाईने मराठीत आणलेल्या मजकुरात ‘आपण श्वासातून ऑक्सिजनचे अणू घेतो’ असं वाक्य दिसतं, ते यातूनच येतं. हवेतला ऑक्सिजन दोन-दोन अणूंच्या रेणूंच्या रूपात असतो.

भाचीला सांगा, या दोन कल्पना वेगळ्या करायला मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांनाही अर्धशतक लागलं. जॉन डाल्टनने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अणुसिद्धांत मांडला, तेव्हा तो संयुगाच्या कणालाही ‘संयुक्त अणू’च म्हणे, आणि पाण्यात हायड्रोजनचा एक व ऑक्सिजनचा एक अणू असतो असं धरून चाले. १८११ मध्ये इटलीच्या आवोगाद्रोने वायूंच्या आकारमानांवरून दाखवलं की मूलद्रव्याच्या वायूचा कणही दोन अणूंचा असू शकतो. पण तो सगळ्याच कणांसाठी एकच शब्द निरनिराळी विशेषणं लावून वापरत असे. त्याचं म्हणणं बराच काळ बाजूला पडलं. शेवटी १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्लस्रूहे इथे रसायनशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, ती अणू कशाला म्हणायचं आणि रेणू कशाला, याच प्रश्नासाठी. तिथे इटालियन रसायनशास्त्रज्ञ कानिझारोने आवोगाद्रोची बाजू लावून धरली आणि अणुवस्तुमानांचा घोळ हळूहळू निस्तरू लागला. संज्ञा सैल होत्या तोवर पाण्याचं सूत्रसुद्धा सर्वमान्य नव्हतं!

आता आपल्या शब्दांकडे. वैशेषिक दर्शनात, म्हणजे प्राचीन भारतीय तत्त्वज्ञानाच्या एका शाखेत, परमाणू हा शेवटचा, न तुटणारा कण. दोन परमाणूंचं द्व्यणुक होतं आणि तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक. या त्र्यणुकालाच त्रसरेणू म्हणतात, म्हणजे झरोक्यातून आलेल्या उन्हात तरंगताना दिसणारा कण. या उतरंडीत ‘रेणू’ मोठ्या, जोडून झालेल्या कणाच्या जागी आहे. हिंदीने परमाणू आणि अणू निवडले, मराठीने अणू आणि रेणू. मला मराठीची निवड जास्त आवडते. ‘अणुरेणूत देव भरला आहे’ अशा वाक्यांतून ही जोडी कानाला आधीच ओळखीची आहे, आणि दोन्ही नावं इतकी वेगळी की एकाच्या जागी दुसरं चटकन पडत नाही.

अणू फुटतो या आक्षेपाचं उत्तरही इथेच मिळतं. ‘कापता न येणारा’ हा अर्थ ग्रीक ‘अ‍ॅटोमॉस’चा आहे. संस्कृतातल्या ‘अणु’चा मूळ अर्थ नुसता ‘सूक्ष्म’, अणिमा, म्हणजे अतिसूक्ष्म होण्याच्या सिद्धीतला. तो अविभाज्यतेची ग्वाही देत नाही. न तुटण्याचा अर्थ घट्ट चिकटला आहे तो परमाणूला. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला आणि अणूला अंतरंग आहे हे कळलं, तेव्हा ग्रीक नाव अर्थाने खोटं ठरलं. आपल्या ‘अणू’ला त्याने काहीच बाधा आली नाही.

रसायनशास्त्रात अणूची ओळख अविभाज्यतेवर नाही, प्रोटॉनच्या संख्येवर ठरते. हाच अणुअंक. सोडिअमचा अणुअंक ११, म्हणजे केंद्रकात, अणूच्या मधल्या गाभ्यात, ११ प्रोटॉन. त्यासोबत १२ न्यूट्रॉन असतात, म्हणून त्याचा अणुवस्तुमानांक २३. एक इलेक्ट्रॉन गेला तर तो सोडिअमचाच आयन, म्हणजे प्रभार असलेला कण, होतो. न्यूट्रॉन कमी-जास्त असले तर समस्थानिक होतो. कार्बन-१४ मध्ये नेहमीच्या ६ ऐवजी ८ न्यूट्रॉन आहेत, तरी तो कार्बनच. प्रोटॉनची संख्या बदलली की मात्र मूलद्रव्यच बदलतं.

‘केंद्रक’ हा शब्द मराठीत पेशीसाठीही आहे आणि अणूसाठीही. हिंदीत पेशीचं केंद्रक आणि अणूचा ‘नाभिक’ अशी विभागणी आहे. भाचीने ‘नाभिक’ वाचलं असेल, तर तिथे केंद्रक म्हणायचं. अणूच्या केंद्रकाची कल्पना भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्डने १९११ मध्ये मांडली. सोन्याच्या पातळ पत्र्यावर सोडलेले बहुतेक अल्फा कण (धनप्रभार असलेले कण) सरळ पार गेले आणि अगदी थोडे उलटे फिरले, म्हणजे धनप्रभार आणि जवळपास सगळं वस्तुमान मधल्या चिमुकल्या जागेत असलं पाहिजे. केंद्रक मोहरीएवढं मानलं, तर अणूचा पसारा क्रिकेटच्या मैदानाएवढा भरेल.

उरलेल्या केंद्रकबाह्य भागासाठी ‘कक्षा’ आणि ‘कवच’ हे दोन्ही शब्द चालतात. भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरने १९१३ मध्ये ठरावीक कक्षांचं प्रारूप दिलं, म्हणून इतिहास सांगताना कक्षा म्हणावं. एरवी मी कवचाचाच आग्रह धरेन. कक्षा म्हटलं की ग्रहासारखी आखीव वाट डोळ्यांपुढे येते, आणि इलेक्ट्रॉनला तशी वाट नसते असं पुढच्या वर्गांत शिकावं लागतं. कवच ही ऊर्जेची पातळी आहे, टणक आवरण नव्हे. सोडिअमचे ११ इलेक्ट्रॉन के, एल, एम या कवचांत २, ८, १ असे असतात. बाहेरचा तो एकटा इलेक्ट्रॉन सहज जातो, म्हणून सोडिअमची संयुजा, म्हणजे दुसऱ्या अणूंशी जोडलं जाण्याची क्षमता, १.

जाता जाता ‘मिठाचा रेणू’बद्दल. बोलताना आपण तसं म्हणतो, पण मिठाच्या स्फटिकात सोडिअम आणि क्लोरिनची सुटी जोडपी नसतात. प्रत्येक सोडिअम आयनाभोवती ६ क्लोराइड आयन असतात आणि प्रत्येक क्लोराइडभोवती ६ सोडिअम. तिथे सूत्र फक्त प्रमाण सांगतं. म्हणून पाण्याचा रेणू म्हणावा, मिठाचं सूत्र म्हणावं.

लेखनाचंही विचारलं होतं. एकटा शब्द दीर्घ: अणू, रेणू, अणूचा, रेणूंची. सामासिक शब्दात तो आधी आला की ऱ्हस्व: अणुअंक, अणुवस्तुमान, रेणुसूत्र. दोन्ही शब्द पुल्लिंगी, आणि अनेकवचन तेच: एक अणू, दोन अणू.