निळ्या सिल्कीची जोडी लावताना

सिल्की म्हणजे रेशमासारख्या मऊ पिसांची कोंबडीची जात. तिच्यात निळा नर आणि निळी मादी लावली की सगळी पिल्लं निळी, हा हिशेब सोडा. सरासरी निम्मी निळी, पाव काळी आणि पाव स्प्लॅश, म्हणजे फिकट अंगावर निळे-काळे शिंतोडे असलेली निघतात. सगळीच निळी हवी असतील तर काळा आणि स्प्लॅश अशी जोडी लावा.

पांढरा पक्षी मात्र या कळपात घालू नका. सिल्कीतला पांढरा रंग दुसऱ्या रंगांना झाकून ठेवतो. खाली काय दडलंय ते कळत नाही, आणि पुढं नराच्या मानेवर तांबूस-सोनेरी पिसं दिसू लागतात. असा नर कितीही देखणा असो, पैदाशीला नको.

काळ्या पिल्लाच्या पोटाला, पंखाच्या टोकाला पांढरं दिसलं म्हणून ते विकून टाकू नका. पिसं बदलताना ते बहुधा जातं. निवड सहा-सात महिन्यांनी करा, पंख उघडून, भर उजेडात. त्याआधी बोटं मोजा. दोन्ही पायांना पाच-पाच हवीत, कातडी काळी हवी.

खानापूरकडच्या पावसात जास्त जपा. या पिसांवरून पाणी ओघळत नाही, थेट कातडीपर्यंत मुरतं. पिल्लं तर लगेच गारठतात. जूनच्या आधीच छप्पर आणि कोरड्या भुशाची सोय करा.

प्रदर्शनाच्या दोन-तीन दिवस आधी कोमट पाण्यात, बेबी शांपूनं धुवा. साबण राहिला तर पिसं चिकटतात, म्हणून साध्या पाण्यानं दोन-तीनदा खळबळून काढा. डोक्याला जपून हात लावा. तुऱ्याखालची कवटी पुष्कळ पक्ष्यांत पूर्ण बंद नसते, थोड्या माराने पक्षी दगावू शकतो. धुऊन झालं की ड्रायर कमी उष्णतेवर, पिसांच्या मुळापर्यंत फिरवा.