वाचकांचे प्रश्न : पडद्यावरचा मजकूर आणि तक्त्यातला मजकूर

या वेळी निवडलेल्या बहुतेक पत्रांतील तक्रारींचे मूळ एकच आहे. पडद्यावर जे दिसते आणि फायलीत किंवा तक्त्यात प्रत्यक्ष जे साठवलेले असते, ते प्रत्येक वेळी सारखे नसते. म्हणून उपायाआधी प्रत्येक ठिकाणी नेमके काय साठले आहे ते सांगितले आहे.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत सभासदांचे आधार क्रमांक आणि इतर बँकांतील खाते क्रमांक एक्सेलमध्ये ठेवतो. यादी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) करून संगणक विभागाला पाठवली की आधार क्रमांकाच्या शेवटी शून्ये येतात आणि काही खाते क्रमांकांचा शेवटचा अंक बदललेला असतो. चूक कोणाची? (लिपिक, सांगली जिल्हा)

उत्तर : आपली नाही आणि संगणक विभागाचीही नाही. खाते क्रमांक किंवा आधार क्रमांक ही बेरीज-वजाबाकीची संख्या नव्हे, ती केवळ ओळख आहे; एक्सेलला मात्र अंक दिसले की ती संख्याच वाटते. संख्येचे पहिले १५ अंकच एक्सेल राखते, त्यामुळे १६ अंकी खाते क्रमांक टंकताक्षणीच त्याच्या शेवटच्या अंकाच्या जागी शून्य येते आणि तो अंक कायमचा जातो. आधार क्रमांक १२ अंकी असल्याने तो आत शाबूत असतो, परंतु साध्या रकान्यात १२ किंवा अधिक अंकांची संख्या दशांश चिन्ह आणि ‘ई’ अक्षर घालून संक्षेपाने दाखवली जाते, आणि सीएसव्ही फाइल लिहिताना एक्सेल आतला मूळ आकडा न लिहिता हे दिसणारे रूपच लिहून टाकते. आपल्याकडील मूळ एक्सेल फाइल जपून ठेवली असेल तर आधार क्रमांक परत मिळतील. १६ अंकी खाते क्रमांक मात्र कागदोपत्री अर्जांवरूनच पुन्हा भरावे लागतील. रकाना नंतर ‘टेक्स्ट’ केल्याने गेलेला अंक परत येत नाही.

यापुढे आकडे भरण्याआधीच रकान्याचे स्वरूप ‘टेक्स्ट’ करावे. दुसरीकडून आलेली सीएसव्ही फाइल दोनदा क्लिक करून न उघडता ‘डेटा’ या मेनूतील ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने आत घ्यावी आणि तेथे रकान्यांचे प्रकार ओळखू नयेत असा पर्याय निवडावा. मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरत असाल तर ऑक्टोबर २०२३ पासून ‘ऑप्शन्स’मधील ‘डेटा’ विभागात ही आपोआप होणारी रूपांतरे बंद करण्याची सोय दिलेली आहे. ही सोय यायला फार उशीर झाला असे माझे मत आहे, कारण तोपर्यंत मार्च किंवा सप्टेंबर या महिन्यांच्या लघुरूपांसारखी दिसणारी जनुकांची नावे एक्सेल तारखांमध्ये बदलून टाकते म्हणून २०२० मध्ये ती नावेच बदलण्याची वेळ शास्त्रज्ञांवर आली होती.

जुन्या यादीतले बिघडलेले आधार क्रमांक शोधण्याचा एक मार्ग आहे. आधारचा बारावा अंक हा आधीच्या अकरा अंकांवरून व्हरहूफ पद्धतीने काढलेला तपासणी अंक असतो, त्यामुळे शेवटी शून्ये आलेले बहुतेक क्रमांक या तपासणीत नापास होतात. अर्थात, पूर्ण आधार क्रमांक त्या यादीत ठेवण्याची खरोखर गरज आहे का, हे संचालक मंडळाने आधी ठरवलेले बरे.

प्रश्न : आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ‘कऱ्हाड’ शोधले की निम्म्याच नोंदी मिळतात. राहिलेल्या नोंदी डोळ्यांना तंतोतंत तशाच दिसतात. ‘ॲड.’ लावलेल्या वकिलांच्या नावांचेही तसेच होते. (डेटाबेस डेव्हलपर, पुणे)

उत्तर : मराठीत काम करणाऱ्या प्रत्येक डेव्हलपरने एकदा तरी नीट समजून घ्यावी अशी ही अडचण आहे. ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’ यांतला अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर, म्हणजे युनिकोडमधील (प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीतील) ०९३१ हे स्थान, आणि त्यापुढे हलन्त चिन्ह असते. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारा ‘झिरो विड्थ जॉइनर’ असतो. कोणता प्रकार उमटेल हे कळफलकावर आणि टंकणाऱ्याच्या सवयीवर अवलंबून असते. पडद्यावर ‘कऱ्हाड’ आणि ‘कर्‍हाड’ यांत फरक दिसत नाही, परंतु पोस्टग्रेस साठवलेल्या चिन्हांची तुलना करतो आणि त्याच्या लेखी ही दोन वेगळी गावे आहेत. ‘ॲ’चे तर तीन अवतार आहेत: युनिकोडमध्ये २००८ साली आलेले स्वतंत्र ॲ, साध्या अ-वर चंद्र देऊन केलेले, आणि हिंदी कळफलकांवरून येणारे ऍ.

अनेकांना वाटते की युनिकोडच्या ‘नॉर्मलायझेशन’ने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एका रूपात आणण्याच्या ठरीव पद्धतीने) हे सगळे मिटेल. ते अर्धवटच मिटते. र-खाली नुक्ता देऊन केलेला ऱ त्यामुळे मूळ ऱ-मध्ये बदलतो, परंतु जॉइनर असलेले रूप आणि ॲ-चे तीन अवतार जसेच्या तसे वेगळे राहतात. म्हणून त्या पायरीनंतर स्वतःचे नियम लावावे लागतात: र, हलन्त आणि जॉइनर असा क्रम सापडला की त्या जागी ऱ आणि हलन्त ठेवावे, आणि ॲ-ची तिन्ही रूपे ०९७२ या एका स्थानावर आणावीत. मजकुरातले सगळे जॉइनर सरसकट पुसून टाकण्याचा मोह मात्र टाळावा, कारण तसे केल्यास अर्ध्या र-चा रफार होतो आणि गावाचे नाव ‘कर्हाड’ असे छापले जाते.

हे नियम एका फंक्शनमध्ये लिहून त्याचा निकाल शोधासाठीच्या वेगळ्या रकान्यात साठवावा, त्या रकान्यावर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) बांधावा आणि वापरकर्त्याने टंकलेला शब्दही त्याच फंक्शनमधून काढूनच शोधावा. अर्जदाराने लिहिलेले मूळ नाव हात न लावता ठेवावे. दाखल्यावर तेच छापायचे असते आणि उद्या नियम बदलला तर शोधाचा रकाना त्यावरूनच पुन्हा तयार करता येतो.

प्रश्न : त्याच डेटाबेसमध्ये आडनावांची यादी लावली की काळे हे कावरे आणि काशीद यांच्या आधी येतात आणि क्षीरसागर क-च्या शेवटी बसतात. (तेच वाचक)

उत्तर : आपला क्रम युनिकोडच्या स्थानांनुसार लागतो आहे. तेथे ळ हा ल आणि व यांच्यामध्ये आहे. मराठी वर्णमालेत तो ह-नंतर येतो. पोस्टग्रेसच्या दहाव्या आवृत्तीपासून आयसीयू या युनिकोड लायब्ररीचे कोलेशन (अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम) वापरता येतात आणि त्यांत मराठीसाठी ‘एमआर-एक्स-आयसीयू’ हे तयार आहे. क्रम लावणाऱ्या ‘ऑर्डर बाय’ या सूचनेमध्ये आडनावाच्या रकान्यापुढे ते लिहावे. यादी मोठी असेल तर त्याच कोलेशनचा इंडेक्सही हवा, नाहीतर प्रत्येक वेळी सारी यादी नव्याने लावली जाईल.

प्रश्न : एसक्यूएल सर्व्हरमध्ये मराठी नावे भरली की प्रश्नचिन्हे साठतात. ती परत मराठीत आणता येतील का? (प्रशिक्षणार्थी, नाशिक)

उत्तर : नाही, ती नावे पुन्हा भरावी लागतील. ‘व्हारचार’ प्रकारचा रकाना कोलेशनने ठरवलेल्या कोडपेजमध्ये (अक्षरांच्या मर्यादित संचात) अक्षरे साठवतो, त्यात देवनागरी नसेल तर प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिले जाते आणि मूळ अक्षराची काहीच खूण उरत नाही. चित्रविचित्र रोमन अक्षरे दिसत असती तर आशा होती, कारण तेव्हा बाइट बहुधा शाबूत असतात आणि चुकीच्या पद्धतीने वाचले जात असतात. रकाना ‘एनव्हारचार’ (युनिकोड साठवणारा प्रकार) करावा आणि एसक्यूएल वाक्यात मजकूर थेट लिहिताना अवतरणचिन्हाआधी ‘एन’ हे रोमन अक्षर न विसरता द्यावे. पॅरामीटर वापरून मजकूर पाठवल्यास हा प्रश्न उरत नाही आणि एसक्यूएल इंजेक्शनचा (मजकुरातून घातक आज्ञा घुसवल्या जाण्याचा) धोकाही टळतो, म्हणून मी तोच मार्ग सुचवेन.

एसक्यूएल सर्व्हर २०१९ पासून ‘व्हारचार’मध्ये यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची दुसरी पद्धत) साठवता येते आणि त्याने जागा वाचते असे सांगितले जाते. ते इंग्रजी मजकुरापुरते खरे आहे. ‘ज्ञानेश्वर’ या नावात काना, मात्रा आणि हलन्त धरून दहा चिन्हे आहेत; ‘एनव्हारचार’मध्ये त्यांना २० बाइट लागतात, तर यूटीएफ-८मध्ये ३०. शिवाय ‘व्हारचार’ची लांबी बाइटमध्ये मोजली जाते, त्यामुळे ५० लांबीच्या रकान्यात देवनागरीची जेमतेम १६ चिन्हे बसतात. मराठी नोंदींसाठी ‘एनव्हारचार’च ठेवावे.

प्रश्न : कार्यालयाच्या जुन्या प्रणालीतून उतरवलेली यादी नेहमी ६५,५३६ ओळींवरच थांबते. (तालुका कार्यालयातील कर्मचारी)

उत्तर : ती यादी जुन्या ‘एक्सएलएस’ स्वरूपात उतरते आणि त्या स्वरूपाची मर्यादाच तेवढी आहे. २००७ मध्ये आलेल्या ‘एक्सएलएसएक्स’ची मर्यादा १०,४८,५७६ ओळी आहे. जुनी प्रणाली हे नवे स्वरूप देऊ लागेपर्यंत तिच्यातून सीएसव्ही मिळत असेल तर ती घ्यावी आणि मूळ नोंदींची संख्या उतरलेल्या ओळींशी दर वेळी ताडून पाहावी. अशी पडताळणी किती गरजेची आहे हे इंग्लंडमध्ये दिसले आहे. तेथील सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने कोविडच्या चाचण्यांचे निकाल याच जुन्या स्वरूपात भरले आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर २०२० च्या प्रारंभी १५,८४१ बाधितांची नोंद दैनिक आकड्यांतून व संपर्क शोधण्याच्या कामातून सुटली.

प्रश्न : ऑफिस २०१६ बंद झाले म्हणतात, पण आमचे तर चालू आहे. संस्थेचे सगळे काम ॲक्सेसवर (ऑफिसमधील डेटाबेस प्रोग्रामवर) आहे. काय करावे? (व्यवस्थापक, रत्नागिरी)

उत्तर : ते चालूच राहील. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ऑफिस २०१६ आणि २०१९ यांच्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या, आणि विंडोज १० चा नियमित पाठिंबाही त्याच दिवशी संपला. बाहेरून आलेल्या फायली आणि ई-मेल ज्या संगणकावर उघडल्या जातात तो आधी बदलावा. लिब्रेऑफिसमध्ये एक्सेलच्या साध्या फायली चांगल्या चालतात, परंतु ॲक्सेसमधील फॉर्म आणि रिपोर्ट तेथे जसेच्या तसे येत नाहीत, म्हणून खर्च वाचवण्यासाठी त्यावर विसंबू नये. ज्या कर्मचाऱ्यांना केवळ नोंदी भरायच्या आहेत त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टचे ॲक्सेस रनटाइम (तयार फॉर्म फक्त चालवणारी आवृत्ती) विनामूल्य मिळते. पूर्ण ॲक्सेस फक्त फॉर्म तयार करणाऱ्याकडे असले तरी चालते. ॲक्सेस फाइलची कमाल मर्यादा २ जीबी आहे हेही तपासून पाहावे. आपली फाइल तिच्या जवळ पोचली असेल, तर नवे ऑफिस घेण्याआधी तक्ते एसक्यूएल सर्व्हरच्या विनामूल्य एक्सप्रेस आवृत्तीत हलवून फॉर्म ॲक्सेसमध्येच ठेवणे अधिक सोयीचे ठरेल.