आधी विश्वास तुटला, मग आज्ञा मोडली

ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात आदाम आणि हव्वा या पहिल्या जोडप्याने मना केलेलं फळ खाल्लं ती बायबलमधली गोष्ट देवळात वाचली जाते आणि त्यावरचे प्रश्न येऊ लागतात. यंदा आलेल्यांपैकी काहींना इथे उत्तरं देत आहे.

प्रश्न : मी संडे स्कूलमध्ये शिकवते. एका मुलाने विचारलं, "खायचंच नव्हतं, तर देवाने ते झाड लावलंच कशाला?" काय सांगू?

आधी त्याला शाबासकी द्या. मग बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, दुसरा अध्याय त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या, कारण आपण सगळे घाईने तिसऱ्यावर उडी मारतो. खाण्याबद्दल देव माणसाशी बोलतो ते सोळाव्या वचनात, आणि तिथे सुरुवात मनाईने होत नाही. बागेतल्या वाटेल त्या झाडाचं फळ खा, हे आधी येतं. बऱ्यावाइटाचं ज्ञान देणाऱ्या एका झाडाची मनाई त्यानंतर. जीवनाचं झाडही तेव्हा मोकळंच होतं.

आता साप काय विचारतो ते पाहा. बागेतल्या कोणत्याच झाडाचं फळ खायचं नाही, असं देव म्हणाला हे खरं का? इतकी सारी मोकळीक त्याने एका प्रश्नात पुसून टाकली. हव्वा त्याला दुरुस्त करते खरी, पण बोलता बोलता "स्पर्शही करायचा नाही" असं म्हणून जाते, आणि देवाच्या आज्ञेत ते कुठेच नाही. मग साप सुचवतो की तुमचे डोळे उघडतील हे देवाला माहीत आहे, म्हणून तो अडवतो. देव आपल्यापासून काही राखून ठेवतो आहे, हा संशय पेरून झाला. फळाला अजून कुणी हातही लावलेला नाही.

माझ्या मते ही गोष्ट इथेच हातातून निसटली. आज्ञा मोडली ती नंतर. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात, ३९७व्या परिच्छेदात, हाच क्रम आहे : माणसाने निर्मात्यावरचा विश्वास मनात मरू दिला आणि मग आज्ञा मोडली. ज्याला नाही म्हणताच येत नाही, त्याच्या होकाराला विश्वास म्हणता येणार नाही. झाड तिथे असण्याचं मला पटलेलं कारण हे आहे.

वर्गात मुलांना बाग काढायला लावा. खायला मोकळी झाडं हिरवी रंगवायची, मना केलेलं लाल. चित्र पुरं होईपर्यंत मुलं आपणहून बोलू लागतील.

प्रश्न : प्रवचनात दरवेळी खापर हव्वेवर फुटतं. घरीही सासूबाई तेच ऐकवतात. स्त्रीमुळे पाप आलं, असं शास्त्र खरंच म्हणतं का?

ताई, हे वर्षानुवर्षं ऐकून घेणं किती जड जातं ते मी समजू शकतो. शास्त्रात काय आहे ते क्रमाने पाहू. मनाईची आज्ञा आदामाला मिळाली तेव्हा हव्वा निर्माणही झालेली नव्हती. सापाशी बोलणं चाललं तेव्हा आदाम कुठे होता? तिसऱ्या अध्यायाच्या सहाव्या वचनात मूळ हिब्रू मजकूर सांगतो की नवरा तिच्याबरोबर होता. ज्याने आज्ञा स्वतःच्या कानांनी ऐकली, तो त्या सगळ्या संवादात एक शब्द बोलत नाही.

पुढे देव हाक मारतो, "तू कोठे आहेस?" तीही आदामालाच. आदामाचं उत्तर सावकाश वाचा : तू जी स्त्री मला सोबतीला दिलीस, तिने मला फळ दिलं आणि मी खाल्लं. एका वाक्यात त्याने दोघांवर बोट रोखलं, बायकोवर आणि ती देणाऱ्या देवावर. थोड्याच वेळापूर्वी तिला पाहून "माझ्या हाडातलं हाड" म्हणणारा हाच माणूस. हव्वाही सापाकडे बोट दाखवते. "मी खाल्लं" हे दोघंही म्हणतात, पण शेवटी आणि नाइलाजाने.

प्रेषित पौलाच्या, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (बायबलच्या नव्या करारात) हव्वा फसवली गेली असं आहे. ते लपवायचं कारण नाही. पण रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पाप जगात एका माणसामुळे आलं असं तोच लिहितो आणि नाव घेतो ते आदामाचं. प्रवचनकारांनी दोन्ही वाचावं. आणि नवरा तुझ्यावर सत्ता चालवील, हे देवाचं हव्वेला उद्देशून वाक्य पतनानंतरच्या, म्हणजे आज्ञा मोडल्यानंतरच्या, बिघाडाचं वर्णन आहे. पहिल्या अध्यायात नर आणि नारी दोघंही देवाच्या प्रतिरूपाची आहेत.

प्रश्न : मला नोकरीसाठी पुण्याला जायचं आहे. वडिलांचा विरोध आहे. पाळक म्हणतात, वडीलधाऱ्यांचं न ऐकणं हे आदामाचंच पाप. मी काय करू?

हे चूक आहे आणि मी ते स्पष्ट सांगतो. आईबापांचा मान राखायची आज्ञा आहेच, पण एदेन बागेतली आज्ञा देवाची होती आणि देवाच्या जागी कुठलाही वडीलधारा बसत नाही. माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे, असं येशूच्या प्रेषितांनी यहुदी न्यायसभेला ऐकवलं होतं. शिवाय प्रश्न विचारणं म्हणजे अवज्ञा नव्हे. नाशाच्या तोंडावर असलेलं सदोम शहर वाचावं म्हणून अब्राहाम देवाशी पन्नास नीतिमानांपासून दहापर्यंत घासाघीस करतो आणि देव ऐकून घेतो.

मात्र लपूनछपून जाऊ नका. आदाम आणि हव्वा झाडांआड लपले, तसं करू नका. वडिलांसमोर बसा, पगार किती, राहणार कुठे, घरी किती पाठवणार, सगळं सांगा. आणि निर्णय तुमचा असेल तर पुढे तो चुकला तरी तुमचाच राहू द्या.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही. आदामाने खाल्लं, त्याची शिक्षा इतरांना का?

चर्चमध्येही यावर एकमत नाही. धर्मपंडित ऑगस्टीनने (इ. स. ३५४ ते ४३०) मूळ पापाची, म्हणजे आदामाच्या पापाचा परिणाम सगळ्या माणसांवर होतो ही, शिकवण कडक शब्दांत मांडली. त्याच्या आधी दुसऱ्या शतकात बिशप इरेनियसने आदाम-हव्वेकडे अजून वाढ न झालेल्या मुलांसारखं पाहिलं होतं. आजची कॅथलिक शिकवण सांगते की मूळ पाप हा वंशजांचा वैयक्तिक अपराध नाही. आपल्या वाट्याला येतो तो दुखावलेला स्वभाव. मला उत्पत्तीच्या पुढच्याच अध्यायातलं, भावाचा खून करणाऱ्या आदामाच्या मुलाचं, काइनाचं प्रकरण महत्त्वाचं वाटतं. पाप दाराशी टपून बसलं आहे, पण तू त्याला ताब्यात ठेव, असं देव त्याला खुनाआधी बजावतो. बापाने चूक केली म्हणून काइनाची जबाबदारी संपलेली नाही.

प्रश्न : राहुरीकडे शेती आहे. उत्पत्तीत देव माणसाला सांगतो ते "पृथ्वी सत्तेखाली आणा" म्हणजे जमीन हवी तशी पिळायची का?

नाही. दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेत ठेवलं ते मशागत आणि राखण करायला; पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या परिपत्रकात याच वचनाचा आधार घेतला. बायबलच्या निर्गम या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात तर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची आज्ञा आहे. त्या वर्षी जे उगवेल ते गरिबांनी खायचं, आणि त्यांच्याकडून उरेल ते रानातल्या जनावरांनी.